वाटलेलं चूर्ण परत मागताना

आधी गुन्हा कबूल करते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी. अश्वगंधेच्या विरोधात पत्रक काढणारी मीच, आणि अश्वगंधेचा डबा विकत घेऊन आईला नेऊन देणारीही मीच. दोन्हींमध्ये जेमतेम तीन आठवड्यांचं अंतर.

आमची वाडी पोलादपूरहून कुडपणकडे चढत जाणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला आहे. घरं अठरा, त्यांतली आठ उघडी. बाकीच्यांना कुलपं, कारण माणसं मुंबईला. घरांच्या मागे डोंगर आणि डोंगराला भेग. पहिल्या वर्षी त्या भेगेत हात जायचा, आता माझा पाय जातो. दर जूनमध्ये तालुक्याहून कागद येतो, की आपली वस्ती धोकादायक असून अतिवृष्टीच्या काळात सुरक्षित स्थळी जावे. सुरक्षित स्थळ म्हणजे खालची शाळा, जिच्या दोन वर्गांपैकी एक गळतो. आणि पुनर्वसनाची जागा? ती 'प्रस्तावित' आहे. मी महाडला झेरॉक्स आणि टायपिंगच्या दुकानात काम करते. 'प्रस्तावित' हा शब्द मी आमच्या अर्जांमध्ये इतक्या वेळा टाइप केलाय की माझी बोटं डोळे मिटून त्याच्यावर जातात.

गेल्या आषाढात मुंबईची एक संस्था वाडीवर आली. नाव सांगत नाही, नावाने काही फरक पडत नाही. शाळेच्या न गळणाऱ्या वर्गात 'तणावमुक्त गाव' असं शिबिर भरलं. इस्त्रीचा खादी कुर्ता घातलेला एक मुलगा, माझ्याच वयाचा, भिंतीवर चित्रं पाडून समजावत होता. काही वनस्पती असतात, त्यांना ॲडॅप्टोजेन म्हणतात. अश्वगंधा, तुळस, गुळवेल, ब्राह्मी. त्या शरीराला ताणाशी जुळवून घ्यायला शिकवतात. ताण जात नाही, पण शरीर तो झेलतं.

पुढे बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "डोंगर हलतो त्याला काय औषद हाय का रं बाबा?"

तो हसला. छान हसला, वाईट मुलगा नव्हता. म्हणाला, "आजी, डोंगर आपल्या हातात नाही. मन आपल्या हातात आहे."

मी मागे उभी होते. माझं डोकं तिथेच फिरलं. डोंगर आपल्या हातात नाही हे मान्य. पण जागा कोणाच्या हातात आहे? ती फाईल कोणाच्या टेबलावर आहे? तीन वर्षं जी माणसं भेगेखाली राहिली, त्यांना अजून कशाशी जुळवून घ्यायला शिकवायचं बाकी आहे?

त्याच आठवड्यात पत्रक काढलं. मथळा होता: डोंगर हलतोय आणि तुम्ही चूर्ण वाटताय? खाली मागण्या. पुनर्वसनाच्या जागेची मोजणी याच पावसाळ्यानंतर करा, शाळेचं छप्पर दुरुस्त करा, भेगेची पाहणी करून अहवाल मराठीत द्या. शेवटी ठळक अक्षरांत: जुळवून घ्यायला सांगणारे त्या घरात एक रात्र झोपून दाखवा. दोनशे प्रती काढल्या. दुकानाच्या मालकाने कागदाचा भाव ऐकवला आणि मग गुपचूप शाई भरून दिली. मी त्या प्रती पोलादपूरच्या स्टँडवर वाटल्या, बाजारात वाटल्या, वाडीवर घरोघर दिल्या. आमच्या घरी आईने तिच्या प्रतीवर सुकवायला लसूण पसरला.

आता आईचं.

भेग पडली त्या वर्षी वाडीला पाऊस मोजायची एक प्लॅस्टिकची बाटली मिळाली होती. तिच्यावर आकडे, आणि एका जागी लाल रेघ. पाणी रेघेला लागलं की थाळी वाजवायची आणि सगळ्यांनी शाळेत जायचं. बाटली कोणी बघायची? आमचं घर सगळ्यांत वर, भेगेच्या सगळ्यांत जवळ, आणि आईला आकडे वाचता येतात. झालं. कोणी तिला नेमलं नाही, तिने कबूल केलं नाही, पण तीन पावसाळे आई ती बाटली बघतेय. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती झोपत नाही. आडवी होते, पण झोपत नाही. पत्र्यावरचा आवाज जरा बदलला की उठते, टॉर्च घेऊन अंगणात जाते, आकडा बघते, परत येते. रात्रीत किती वेळा, ते तिलाच ठाऊक.

शिबिरानंतर दोन आठवड्यांनी मी घरी गेले तर आई चुलीपुढे बसल्या बसल्या पेंगत होती. हातात फुंकणी. पदर घसरून जळत्या लाकडापासून वीतभर अंतरावर लोंबत होता. मी ओरडले तशी दचकून उठली आणि पहिला शब्द काय काढला?

"भरली?"

बाटली भरली का, हे विचारत होती. दुपारचे तीन वाजले होते, बाहेर ऊन होतं.

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. आई झोपली पाहिजे. मोजणी व्हायची तेव्हा होईल, छप्पर व्हायचं तेव्हा होईल, पण आई झोपली नाही तर डोंगर यायच्या आधीच ती चुलीत जाईल. मी तिला म्हटलं, महाडला माझ्या खोलीवर चल चार दिवस. म्हणाली, "तुझ्या म्हाडात खालनं पानी येतं, माझ्याकडं वरनं डोंगर. तू तुझं बघ, मी माझं बघते."

मग मी तेच केलं जे सगळे करतात. महाडच्या बाजारपेठेत आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात गेले.

"कोणासाठी?" दुकानदाराने विचारलं.

"आईसाठी. झोप येत नाही."

"टेन्शन आहे का काही?"

"घरामागे डोंगराला भेग आहे."

"हां," म्हणाला, "म्हणजे टेन्शनच," आणि अश्वगंधेचा डबा काढून काउंटरवर ठेवला. संध्याकाळी अर्धा चमचा, कोमट दुधातून.

डबा पिशवीत टाकताना कोणी ओळखीचं बघत नाही ना, म्हणून मी मागे वळून पाहिलं. हेही सांगून टाकते.

आईने डबा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "ह्ये त्येच ना, ज्याच्यावर तू कागद काढलास?"

"ते वेगळं होतं."

"काय येगळं?"

"ते लोक चूर्ण देऊन मूळ प्रश्न टाळत होते."

"आनि तू?"

"आई, घे ना ते गप. अर्धा चमचा. रोज."

"घेते बाय. वरडू नको."

आठ दिवसांनी फोन केला. झोप लागते का विचारलं, तर म्हणाली, "संपलं."

"काय संपलं?"

"चूर्न."

दोनशे ग्रॅमचा डबा! अर्ध्या चमच्याने तीन महिने पुरायला हवा होता. मी म्हटलं, किती घेतलंस तू? भाकरीत मळलंस का?

"मी कशाला घेईन येवढं? वानवळा दिला."

वाणवळा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पहिल्या काकड्या निघाल्या, मुंबईहून कोणी मिठाई आणली, गाय व्याली, की आधी शेजारीपाजारी वाटीभर जातं आणि मग घरचे तोंडात घालतात. आमच्या वाडीवर नवी वस्तू एकट्याने खाणं म्हणजे चोरी. इथवर ठीक. मलाही आवडतं ते. पण औषधाचा वाणवळा? सात घरांत सात वाट्या, वर रुमालाने झाकून, सणाचं पुरण पोचवावं तसं आईने अश्वगंधेचं चूर्ण पोचवलं होतं. "पोरीनं म्हाडावरनं आनलंय, टेन्शनवरचं हाय," असं सांगून.

मी डोकं धरलं. दुसरा डबा घ्यायला परत त्या दुकानात गेले. आणि दुकानदार सुटे पैसे शोधत होता तेवढ्यात, टायपिंगवाल्या बाईची खोड, मी डब्यावरची बारीक अक्षरं पहिल्यांदा वाचली. दिवसभर लोकांच्या अर्जांतल्या चुका काढणारी मी, आईच्या हातात दिलेला डबा मी वाचलाच नव्हता.

गर्भवती स्त्रियांनी घेऊ नये. थायरॉईडची औषधे चालू असल्यास डॉक्टरांना विचारावे.

आईची थायरॉईडची गोळी चार वर्षं चालू आहे. सकाळी उपाशीपोटी एक, कधी चुकवत नाही. आणि आमच्या शेजारच्या घरची सून सहाव्या महिन्यात होती.

डबा काउंटरवर तसाच ठेवला. त्या सुनेचा नंबर माझ्याकडे होता, लावला तर लागेना. आमच्याकडे पावसात रेंज असली तर असते. आईला फोन लागला. "शेजारच्यांना सांग घेऊ नका, आणि तूही घेऊ नको," म्हटलं, तर म्हणाली, "मी नाय सांगनार. दिलंय आता. इख दिलं असं म्हनतील." झालंच. दुसऱ्या दिवशी मालकाची बोलणी खाऊन सकाळच्या एसटीने निघाले.

घरी न जाता आधी थेट शेजारच्या दाराशी. काकी, म्हणजे त्या सुनेची सासू, पडवीत वाल निवडत होती.

"काकी, आईने चूर्ण दिलं होतं ना? सुनेला नका देऊ हां ते."

"का गो? म्या तर रोज देते. पहिल्या दिसापास्नं. दुधातनं. तिची सारकी धडधड व्हते, बाळाला बरं."

 विचारलं, ती कुठे आहे? परसात, म्हणाली. मी घर वळसा घालून मागे गेले. ती दोरीवरचे कपडे काढत होती. बारावी झालेली, वरंधकडची, दीड वर्षापूर्वी लग्न होऊन आलेली. मी एका दमात सगळं ओकले. डबा, अक्षरं, आताच्या आता पोलादपूरला डॉक्टरकडे चल.

तिने आधी पडवीच्या दिशेने बघितलं, मग आवाज बारीक केला. "ताई, मी एक दिवस पन घेतलं नाय."

"काकी म्हणतात रोज देतात."

"देतात ना. मी पेला घेऊन मागं येते नि त्या भोपळ्याच्या वेलाला वतते. आईंना सांगू नका."

मी भोपळ्याच्या वेलाकडे बघितलं. वेल चांगला पसरला होता, तीन फळं धरली होती.

"पण का नाही घेतलंस? तुला कोणी सांगितलं?"

"तुमीच की."

"मी?"

"तुमचा कागद हाय ना. चूर्ण नको म्हनून. मी वाचला सगळा." मग जरा हसली. "नि वास. घोड्याच्या तबेल्यासारका वास येतो त्याला. मला पानी पन ठरत नव्हतं, ते कुठनं ठरनार?"

दोनशे प्रती काढल्या होत्या. दोनशेतली एक प्रत कोणीतरी अथपासून इतिपर्यंत वाचली होती, आणि तिला ती माझ्यापासून वाचायला उपयोगी पडली. मला आनंद व्हायला हवा होता. मला भोपळ्यावर बसून रडावंसं वाटलं.

पण बाकीची सहा घरं राहिली होती. कोणाला बीपी, कोणाला साखर, कोण कसल्या गोळ्या घेतं हे मला कुठे माहीत? म्हणून मी निघाले दारोदार, दिलेला वाणवळा परत मागायला. आमच्या वाडीच्या आठवणीत असं कोणी केलेलं नाही, आणि हे मला प्रत्येक दारात सांगण्यात आलं.

पहिल्या घरचे बाबा, वय सत्तरीच्या पुढे, पडवीतच गाठ पडली. "दिलेलं परत न्यायला आलीस? पुढारी झालीस गो खरी!"

दुसऱ्या घरी म्हातारीने ते चूर्ण चहाच्या डब्यात मिसळून टाकलं होतं. वेगळं काढणार कसं? तीच ती, डोंगरावर औषध विचारणारी. गोळ्या काही घेते का विचारलं, तर म्हणे नाय, डॉक्टराचं तोंड बघून धा वर्सं झाली. आणि मलाच ऐकवलं, "बरं हाय की. परत कधी आनशील? जरा जास्तीचं आन."

तिसऱ्या घरी वाटी रिकामी. काय केलं, तर म्हणे म्हशीला दिलं.

"म्हशीला?"

"आगो, ढग गडगडला का ती दचकायची नि दूध चोरायची. म्हटलं, टेन्शनवरचं हाय तर बघू."

"मग? देते आता दूध?"

"नाय. पन आता गप उभी ऱ्हाऊन चोरते."

चौथीकडे ते देवापुढे ठेवलेलं होतं, हळदीकुंकू वाहून. पाचवीने दोन दिवस घेतलं, पोट बिघडलं, फेकून दिलं आणि आईला वाईट वाटेल म्हणून बोलली नव्हती. सहाव्या घरचे काका घेत होते, झोप चांगली लागते म्हणत होते, द्यायला तयार नव्हते. बीपीची गोळी चालू होती त्यांची. मी म्हटलं डॉक्टरला विचारा आणि मग घ्या. त्यांनी म्हटलं, "कागदात घेऊ नका म्हनालीस, मग तूच आनलंस, आता परत नको म्हनतेस. तू एकदा घरी बसून ठरव, मग ये."

 बरोबर होतं त्यांचं.

आणि एवढ्याने संपत नाही. वाणवळ्याची वाटी आमच्याकडे रिकामी परत जात नाही. मी चिडलेली, घामाघूम, प्रत्येक दारात हात पुढे करून "चूर्ण द्या" म्हणतेय, आणि प्रत्येक घर वाटी विसळून तिच्यात काहीतरी घालून देतंय. कुळीथ, वाल, सुकट, दोन अंडी. म्हशीवालीने तर म्हशीने न चोरलेलं दूध दिलं. तासाभराने मी घरी पोचले तेव्हा माझ्याकडे चूर्ण होतं दीड वाटी आणि बाकी आठवडाभराचं सामान.

आई दारातच उभी होती. तिच्यापर्यंत खबर माझ्याआधी आली होती.

"तोंड दाकवायला जागा ठेवली नायस."

"आई, त्या मुलीच्या पोटात मूल आहे! काही झालं असतं म्हणजे?"

 तिने सामान आत नेऊन ठेवलं. मग वाल डब्यात ओतता ओतता, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "ती सहाव्यात हाय ते माज्या ध्येनातच आलं नाय बघ. मला ते घरातनं काडायचं व्हतं."

"म्हणजे?"

"दोन दिस घेतलं मी. दुसऱ्या दिवशी डोळा लागला. असा लागला का झुंजुमुंजू झालं नि मला जाग न्हाय. उठून बघते तर बाटलीत पानी रेघेच्या दोन बोटं खाली." तिने डब्याचं झाकण लावलं. "दोन बोटं गो. म्हटलं, ह्ये चूर्न चांगलं हाय, म्हनूनच आपल्या कामाचं नाय. फेकलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं. मग वाटून टाकलं."

  जिला झोप यावी म्हणून मी हा सगळा तमाशा केला, तिला झोप येत होती. तिला ती नको होती. झोपली तर बघणार कोण, हा तिचा प्रश्न होता, आणि त्याच्यावर त्या दुकानात काही मिळत नाही.

तरी थायरॉईडचं होतंच. डॉक्टरला विचारल्याशिवाय मी सोडणार नव्हते. चार दिवसांनी उघडीप मिळाली. आई घर सोडायला तयार होईना. शेवटी शेजारची सून आली आणि म्हणाली, "काकी, एक दिवस बाटली मी बघते. मला आकडे येतात." आईने तिला अंगणात नेऊन लाल रेघ दाखवली, थाळी कुठे टांगलीय ते दाखवलं, पत्र्याचा आवाज कसा झाला म्हणजे बघायचं ते तोंडाने करून दाखवलं, आणि मगच पायात चपला घातल्या.

महाडला दवाखान्यात गर्दी होती. नंबर मिळाला एकवीस. लाकडी बाकडं भिंतीला लावलेलं, आई भिंतीला टेकून बसली, मी शेजारी. पाचवा नंबर आत गेला तोवर तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. सातव्यापर्यंत ती घोरायला लागली. एक लहान मूल भोकाड पसरून रडत होतं, कंपाउंडर ओरडत होता, रस्त्यावर कोणीतरी हॉर्नवर हात ठेवून उभा होता. आई झोपली होती. हात मांडीवर उघडे पडले होते, मूठ सुटलेली. मी तिला जूनपासून अशी बघितली नव्हती.

"एकवीस!"

मी हलले नाही.

"एकवीस नंबर! कोण आहे?"

मी बाजूच्या माणसाला म्हटलं, तुम्ही जा. बाविसाव्यालाही म्हटलं. सव्विसाव्या नंबरला माझा खांदा बधिर झाला होता आणि कंपाउंडर मला वेड्यात काढत होता. मी रांगेत कधी कोणाला पुढे जाऊ दिलेलं नाही; रेशनच्या रांगेत माझं नाव आहे त्यासाठी. त्या दिवशी सगळ्यांना जाऊ दिलं.

आई उठली ती दवाखाना रिकामा झाल्यावर. इकडेतिकडे बघितलं. "नंबर?"

"गेला."

"उठवलं का नायस? येड लागलंय का तुला? एसटी चुकंल माजी!"

डॉक्टरीणबाई पाकीट उचलून जेवायला निघाल्या होत्या. तरी बसल्या. मी चूर्णाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, अश्वगंधा काही विष नाही, कोणाकोणाला झोपेला, धडधडीला बरं वाटतंही; पण थायरॉईडची गोळी चालू असताना मनाने घ्यायची नाही, तिने थायरॉईडचं प्रमाण हलू शकतं. आता बंद ठेवा, रक्त तपासू, गोळी कमीजास्त करायची का ते मग बघू. लिहिता लिहिता विचारलं, "आणि त्रास काय, झोप येत नाही?"

"अजिबात नाही," मी म्हटलं.

बाईंनी चष्म्यावरून आईकडे बघितलं. "बाहेर दोन तास घोरत होत्या त्या याच ना?"

आई लाजली. पदर सारखा केला. "हितं काय, मागं भिंतच हाय नुसती."

बाईंना कळलं नाही. मला समजावून सांगता आलं असतं, माझ्या पिशवीत पत्रकंही होती. पण त्यांचं जेवण थांबलं होतं, आणि आई एसटी एसटी करत उठली होती.

मी तिच्याबरोबर गेले. मालकाला फोनवर सांगितलं की आज येत नाही, आणि यापुढे पावसाळा संपेपर्यंत शनिवार-रविवार धरू नका. तो काय बोलला ते लिहीत नाही. आईला म्हटलं, शनिवारी, रविवारी बाटली मी बघेन, तू झोपायचं.

"तू?" आई खिडकीतून बाहेर बघत म्हणाली. "तुला झोपंतनं उठवायला डोंगरच घरात यायला पायजे."

"मग ठेव त्या सहाव्या महिन्यातल्या पोरीला जागी!"

यावर ती काही बोलली नाही. म्हणजे शनिवार-रविवार ठरले. आमच्याकडे हो असंच म्हणतात.

पोलादपूर येईपर्यंत ती पुन्हा झोपली होती, तोंड उघडं टाकून, पिशवी पोटाशी धरून. स्टँडवर गाडी बदलताना मी तिला अक्षरशः हाताला धरून चालवली. वरच्या गाडीतही पहिला फाटा सरेपर्यंत मान डुलत होती. मग रस्ता चढाला लागला, पहिलं वळण गेलं, डोंगर खिडकीशी आला आणि मी कोपराने ढोसलंही नव्हतं, तिची मान सरळ झाली. डोळे टक्क उघडे. दरडीकडे बघत तिने पिशवीतून फोन काढला आणि माझ्या हातात दिला.

"तिला इचार, किती झालंय."

आभाळ स्वच्छ होतं. मी नंबर लावला.